पिठाला ठेवलेली बाई

“बाप मेला?”

कौसल्याबाईंच्या कोपरापर्यंत पसरलेली रोटी तिथंच थांबली. उलट्या मडक्यावर भाजायची ही लंबी रोटी हातावर असताना थांबायची सोय नसते. थांबलं की फाटते. तशी ती फाटली. तो लगदा त्यांनी परातीत टाकला आणि मुलीकडे पाहिलं. “पुन्हा सांग वं श्वेता. मराठीत सांग, काय लिवलं त्यात.”

श्वेता मोबाईलमध्ये बघत बारीक आवाजात म्हणाली, “मी बारा वर्षांची असताना माझे वडील वारले. तेव्हापासून आई एकटीच चुलीपुढे उभी आहे... आई, हे मी नाई लिवलं वं. मी फक्त तुह्या चुलीचं लिवलं होतं. हे निबंध तपासताना क्लासच्या सौरव सरांनी घातलं.”

“माह्या जित्या नवऱ्याले मारलं त्यानं?”

ठेल्याच्या मागे जुन्या चादरीच्या पडद्याआड पीठ आपटण्याचा आवाज थांबला आणि हसू ऐकू आलं. “काहून चिडून राहिली वं? जित्या माणसाच्या मरणाची खबर आली का आयुष्य वाढते म्हणतात. वाढू दे नं माहं.”

हेच ते कैलासवासी रुपराव बावणे. वजन चांगलं, जेवण त्याहून चांगलं.

श्वेताला अमेरिकेतल्या एका कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्तीवर जायचं होतं. मार्क होते, मास्तरांची शिफारसपत्रं गेली होती, मोठा निबंधही झाला होता. राहिला होता तो छोटा निबंध: ज्या माणसांत तुम्ही वाढलात त्यांच्याविषयी लिहा. तो उद्या पोचवायचा होता. बारावीपर्यंत शिकलेल्या पोरीला आपल्या माणसांवर चार ओळी लिहिता येऊ नयेत, याचं कोणालाही नवल वाटेल. पण बावण्यांच्या घरात त्या चार ओळीच अवघड होत्या.

त्याचं कारण पडद्यामागे होतं. रुपराव पूर्वी इतवारीच्या बाजारात टेम्पो चालवायचे. खुब्याचं हाड मोडलं, क्लच दाबणं बंद झालं आणि ते घरी बसले. त्याच सुमारास कौसल्याबाईंचं मनगट सुजलं. लंबी रोटीचं पीठ म्हणजे पोळीची कणीक नव्हे. सैल भिजवून, उघड्या पंजानं आपटत राहावं लागतं, तार सुटेपर्यंत. एक दिवस मदत म्हणून रुपराव परातीपाशी बसले, ते बसलेच. नंदनवनच्या चौकातल्या बावण्यांच्या ठेल्याची रोटी त्यांच्या हातानं नावारूपाला आली. पण बाप्यामाणसानं बायकोच्या हाताखाली पीठ मळायचं, हे त्यांना सांगवेना. उमरेडला राहणाऱ्या भावांच्या लेखी त्यांचा टेम्पो अजून चालूच होता. गिऱ्हाइकांनी विचारलं तर कौसल्याबाई सांगायच्या, “पिठाले बाई ठेवली हाय.” लोक त्या बाईची तारीफ करायचे, आणि ती बाई पडद्याआड मिशीत हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाईंनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि दोघांना घेऊन महाल भागातला सौरव सरांचा वर्ग गाठला.

“सर, हे श्वेताचे बाबा,” त्या म्हणाल्या. “मेलेले.”

सौरव सर खुर्चीवरून उठले. चेहरा पांढराफटक. आधी त्यांनी रुपरावांना खुर्ची दिली, मग पाणी दिलं. मेलेल्या माणसाला पाणी द्यायची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली असावी.

“काकू, चुकलो मी. पण खरं सांगू? हिच्या निबंधात आई होती, चूल होती, रोटी होती. बाबा कुठंच नव्हते. मी विचारलं, तर ही खाली मान घालून गप्प. मला वाटलं, नसतील. मग म्हटलं, पोरीला लिहवत नसेल, आपण लिहू.”

कौसल्याबाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. आता भांडावं कोणाशी, हेच त्यांना कळेना.

“आत्ता काढून टाकतो,” सर म्हणाले. “आणि खरं तेच लिहू. काका, तुम्ही काय करता?”

श्वेतानं बापाच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना कालचं पीठ वाळलं होतं.

“टेम्पो चालवतो,” रुपराव म्हणाले. “इतवारीत.”

“सर,” श्वेता उठली, “मी घरीच लिवते.”

परतताना ऑटोत श्वेता म्हणाली, “बाबा, मी तुमच्या पिठाचं लिवणार हाय.”

“नाई.”

“अमेरिकेतला निबंध उमरेडले कोण वाचून राहिलं?”

“कोणी नाई वाचन. पण तू लिवशीन नं. माह्या पोरीनं लिवलं का तिचा बाप काय करते, मंग ते खरंच झालं.” ते बाहेर बघत राहिले. “त्यापेक्षा मेलाच राहू दे मले. तेच बरं.”

काल हेच वाक्य ते हसत म्हणाले असते. आज हसले नाहीत.

“असं अभद्र बोलू नका,” त्या म्हणाल्या.

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते वं.”

“झाकल्या मुठीनं पीठ मळून दाखवा,” कौसल्याबाई म्हणाल्या. मग श्वेताकडे वळल्या. “तू लिव. पण पाठवायच्या आंधी त्याइले आइकव. त्याइनं नाई म्हटलं तं पाठवायचं नाई. आणि खोटंही पाठवायचं नाई. कॉलेज गेलं तं गेलं.”

हे सांगताना त्यांचा जीव थोडा थोडा होत होता. पोरीच्या कॉलेजसाठी त्यांनी किती देवांना नवस बोलून ठेवले होते, ते त्यांनाच माहीत. पण नवऱ्याला मारून पोरगी शिकवायची नव्हती, आणि त्याला लाजवूनही नव्हती.

दिवसभर श्वेता लिहीत, खोडत बसली. संध्याकाळी चूल पेटली, उलटं मडकं तापलं, पडद्यामागे पीठ आपटायला सुरुवात झाली. कौसल्याबाई म्हणाल्या, “वाच आता. मराठीत सांग. पडद्याकडं तोंड करून.”

श्वेता उभी राहिली.

“माझे बाबा आमच्या ठेल्याचं पीठ मळतात. गिऱ्हाइकांना ते दिसत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून अभ्यास करते. मी मोठ्यानं पाठ म्हणते आणि ते पीठ आपटतात. त्यांना रसायनशास्त्र कळत नाही, इंग्रजी कळत नाही. पण मी कुठं अडखळले की त्यांचा हात थांबतो. मग मला कळतं, माझं काहीतरी चुकलं. मी पुन्हा म्हणते. ते पुन्हा मळू लागतात. माझा सगळा अभ्यास असाच झाला. मला जर कोणी विचारलं, तुझा शिक्षक कोण...”

पुढचं तिला वाचवलं नाही.

पडद्यामागून आवाज नव्हता. तेवढ्यात रोजचे गिऱ्हाईक मधुकरराव डबा घेऊन आले. शांतता बघून म्हणाले, “काय झालं जी? आज बाई आली नाई काय?”

कौसल्याबाईंचं तोंड सवयीनं उघडलं, आणि त्यांनी ते मिटलं. हे उत्तर आता त्यांचं नव्हतं. त्या मडक्यावरची रोटी बघत राहिल्या. ती करपायला लागली होती, तरी हलल्या नाहीत.

पडदा सरकला. परात पोटाशी धरून, एका पायानं लंगडत रुपराव बाहेर आले. चुलीशेजारी, रस्त्याकडे तोंड करून, फतकल मारून बसले.

“बाई नाई जी,” ते म्हणाले. “मीच असतो.”

मधुकररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे. “तरीच,” ते म्हणाले. “म्हटलं, बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला. द्या, रोट्या द्या.”

कौसल्याबाईंनी करपलेली रोटी बाजूला ठेवली आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून पदर लावला. लाकडं तर आज चांगली वाळलेली होती.

रुपरावांनी हात ओला केला. पोरीकडे न बघता म्हणाले, “इंग्रजीतला वाच.”

“बाबा, तुमाले काय समजन?”

“तू वाच.”

पंजा परातीत पडू लागला. श्वेता वाचू लागली. चौकातून गाड्या जात होत्या, येणारे-जाणारे वळून बघत होते. पहिल्या चार ओळी सरळ गेल्या. बापाच्या ओळीपाशी तिचा आवाज अडला.

हात थांबला.

“हं,” रुपराव म्हणाले. “पुन्हा म्हण.”

तिनं ती ओळ पहिल्यापासून म्हटली. हात चालू झाला.