कोऱ्या अर्जावरची सही

या कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून वीस वर्षं काढली, ती माणसं जोडून. हे मी नाही, आमचे प्राचार्यच प्रत्येक समारंभात सांगतात. मैदान झाडणाऱ्या मामांपासून विद्यापीठातल्या तिरसट कारकुनापर्यंत कुणाशी माझं वाकडं नाही. मोसम सुरू झाला की संघाच्या यादीचे दहा कोरे अर्ज मी सही करून ऑफिसात ठेवायची. मी सामन्यांना बाहेरगावी असले तर कुणाचं अडायला नको! कुणी टोकलंच तर त्यालाच ऐकवायची, "घरच्या माणसांवर संशय घेऊ की काय?"

घ्यायला हवा होता. मूर्ख बाई!

आज दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या निवड चाचणीच्या यादीत आमच्या शिडीचं, त्या उंच पोरीचं, नाव होतं, अंतिम यादीत तिच्या जागी दुसरीच मुलगी आहे. कारण पाच वाजेपर्यंत लेखी कळवा, नाहीतर संघ बाद. ती दुसरी म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. चाचणीत चेंडू समोरून आला की ही डोळे मिटायची.

"सर, हे नाव मी लिहिलेलं नाही."

"सही तुमचीच ना?" ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "कोऱ्या अर्जावर केली होती असं कळवायचंय? खुशाल कळवा. बाकीच्या अकरा जणीही घरी बसतील."

मग त्यांनी एक टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळाडूची माघार. खाली दोन सह्यांची जागा, तिची आणि माझी.

शिडी हे तिला पोरींनीच ठेवलेलं नाव, उंच म्हणून. दोन वर्षं राखीव बाकावर बसून हिने दुसऱ्यांना पाणी दिलं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. हे तिचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या स्पर्धेत एक तरी सामना खेळली तरच प्रशिक्षकाच्या कोर्सला अर्ज करता येतो. "यंदा ही खेळणार म्हणजे खेळणार," असा शब्द मी तिच्या आईला दिला होता.

माझ्या खोलीत येऊन मी त्या तिरसट कारकुनाला फोन लावला. "मॅडम, तुमच्यासाठी काहीही," तो म्हणाला, "पण कारण लेखीच लागतं हो." मी फोन आपटला. एवढी माणसं जोडली, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. चार वाजून गेले होते. खिडकीतून मैदान दिसत होतं. बाराही जणी हसत-खिदळत जाळं बांधत होत्या. अध्यक्षांची पुतणी सरावाला अजून एकदाही फिरकली नव्हती.

शिडीला हाक मारली. ती धापा टाकत आली, हात पँटला पुसले.

"मॅडम, आज सर्व्हिस बघाच माझी! कसली बसतेय!"

मी पत्र पुढे केलं. तिने टेबलावरचं पेन उचललं.

"कुठे करू सही?"

"अगं, वाच तरी!" मी खेकसलेच तिच्यावर.

"तुम्ही दिलंय ना?" ती हसली. "मग वाचायचं काय त्यात?"

आणि केली सही. तेव्हाच ओढून घ्यायचा होता तो कागद. सांगायचं होतं सगळं. पण बाहेर अकरा जणी होत्या, घड्याळ होतं, आणि खरं सांगायचं तर माझी नोकरीही होती. मी गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

"जाऊ सरावाला?"

"जा."

ती जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एका उडीत उतरत गेली. दोन्ही गुडघे ठणठणीत.

मी पत्र जवळ ओढलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच सही करण्याआधी कागद अक्षर न् अक्षर वाचला. मग सही केली.