टेबलाखालचं बिस्किट

साहेब, माझी कुत्री तुम्ही बिघडवलीत. ती मुळातच बिघडलेली होती असं आता तुम्ही खात्यात सांगत फिरता, म्हणून हे लिहावं लागतंय.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात मी फोन घेते. नळ कोरडा आहे, पाण्याला वास येतो, पाइप फुटलाय. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, शिव्यांसकट. माझं ऐकून घ्यायला मात्र आपल्या खात्यात कुणी बसवलेलं नाही.

मला दिसत नाही. मला घरून कचेरीत आणते ती काकू. हे नाव माझ्या वहिनीनं ठेवलं. "वन्सं, ही कुत्री कसली, काकू आहे. रस्त्यात कुणाशी बोलायचं नाही, नाक वर करून चालायचं." त्याआधी मी दादाचं कोपर धरून यायचे. शिंका दादाला आल्या की रजा माझी पडायची.

काकूच्या अंगावर पट्टा असतो, पट्ट्याला ताठ दांडी, आणि दांडी माझ्या डाव्या हातात. दांडी वळली की मी वळते, थांबली की थांबते. खड्डा काय, कुठलंही भटकं कुत्रं चुकवतं. काकू वेगळंच शिकलीय. माझा उजवा खांदाही आपल्याच अंगाचा आहे असं धरून ती चालते. दोन खांबांमधून तिला सहज जाता येतं, पण मी अडकेन म्हणून ती बाहेरून वळसा घेते. दुसऱ्याचं अंग आपलं समजून चालणं सोपं नाही. माणसांना संसार करूनही जमत नाही.

तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पट्टा अंगावर आहे तोवर ती कामावर आहे. हात लावू नका, हाक मारू नका, खायला देऊ नका.

तुम्ही हसलात. "अहो, मुकं जनावर ते. तुमच्या शिस्तीत बिचारीचा जीव जाईल."

"तिच्या शिस्तीवर माझा जीव आहे, साहेब."

"बरं बाई," म्हणालात.

मग एकदा घरी पट्टा काढताना तिच्या मिशांना चुरा लागला. वास घेतला. आल्याचं बिस्किट.

"माझ्याकडे बघू नका," वहिनी म्हणाली. "तुमच्या काकूला मी पाणीसुद्धा विचारून देते."

आल्याची बिस्किटं आपल्या कचेरीत एकच माणूस खातो. त्या पुड्याचा कागद तुमच्या केबिनमध्ये सतत कुरकुरत असतो. तुम्हाला विचारलं, तर "छे छे, मी कशाला देऊ?" मी माझ्या फोनकडे परतले. साहेबाला खोटं पाडायला पुरावा लागतो, आणि पुरावा काकूनं चाटून टाकला होता.

त्यानंतर तुमच्या दारावरून जाताना दांडी ओढ घ्यायला लागली. अगदी थोडी. बघणाऱ्याला दिसणार नाही एवढी. मी तिला सरळ करायचे, ती व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कचेरीच्या फाटकाजवळचा चर आपल्याच खात्यानं खणलाय. कठडा नाही. त्याची तक्रार मीच फोनवर घेतली होती, एका आजोबांची. काकू रोज त्याला लांबून वळसा घालायची. त्या दिवशी चराच्या पलीकडे, टपरीपाशी, तुम्ही चहा पीत उभे होतात. आधी कागद कुरकुरला. मग तुमचा आवाज: "ये गं, काकू."

दांडी सरळ पुढे गेली. चराच्या काठावर तिच्यापुरती जागा होती. माझ्यापुरती नव्हती.

उजवं मनगट मोडलं. मी खाली पडले तशी तीही उडी टाकून खाली आली. माझ्या मानेशी तोंड आणून धापा टाकत होती. तोंडाला आल्याचा वास नव्हता. बिस्किटापर्यंत ती पोचलीच नव्हती.

तरी मी तिच्यावर रागावले. हात प्लास्टरमध्ये घेऊन घरी बसले आणि तिला जवळ येऊ देईना. ती दारात पडून राहायची. शेवटी वहिनी चिडली. "लाच घेणारीवर रुसून बसलाय, वन्सं. देणारा तिकडे पंख्याखाली बसलाय."

मी त्यावर बराच विचार केला. काकू काही उपाशी नव्हती. कुणीतरी आपल्याला बोलावतंय, एवढंच तिला गोड लागलं असेल. लाड कुणाला नको असतात? पण ज्याचे लाड करतो त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा जीव टांगलेला आहे, हे करणाऱ्यानं बघायला नको? तुम्हाला हलणारी शेपटी दिसली. दांडीच्या या टोकाला होते ती मी दिसले नाही. आणि आंधळी म्हणे मी.

काकूला शिकवणारे मास्तर येऊन तिच्यासोबत चालून गेले. म्हणाले, "कुत्री उत्तम आहे. खाऊ घालणं बंद झालं तर महिन्याभरात पहिल्यासारखी होईल. नाही झालं तर मला तिला परत न्यावं लागेल."

मी कामावर आले. तुम्ही सगळ्यांना बोलावून बैठक घेतलीत, नेहमीच्याच टेबलाशी, जिथं दर बैठकीला काकू खाली बसून असते. "जनावर भरवशाचं नाही. बाईंच्याच सुरक्षेसाठी सोमवारपासून त्यांनी कुत्री आणू नये. घरचं कुणीतरी सोडेल."

मी वाकून पट्टा काढला. "जा," म्हणाले.

तिची नखं फरशीवर वाजत गेली. टेबलाला वळसा घालून थांबली. मग शिपाई, जो कधी कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात, हळूच म्हणाला, "साहेबांच्या मांडीवर हनुवटी ठेवलीय तिनं."

कुणीतरी खोकलं. तुम्ही म्हणालात, "बघा, जनावरालासुद्धा चांगला माणूस कळतो." सगळे हसले. हसणं भाग होतं त्यांना, त्यांच्या रजा तुमच्या हातात आहेत.

साहेब, ती तिथं उभी राहिली ती सवयीनं. सवय आपोआप लागत नाही.

सोमवारी मी येणार आहे, काकूला घेऊन. फाटकावर अडवायचं तर अडवा. तुम्ही खरं बोललात तर खाऊ बंद होईल, ती महिन्याभरात कामाला लागेल. नाही बोललात तर तुमचा शब्द राखायला तिचं काम जाईल, आणि मी पुन्हा दादाच्या कोपराला लोंबकळेन. माफी नको, औषधपाण्याचा खर्च नको. त्याच टेबलाशी, त्याच माणसांसमोर एवढंच सांगा: टेबलाखालून तिला बिस्किट कोण देत होतं?