मधुकररावांची फुंक

माझ्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत ठेवली नाहीत, म्हणून संसार झाला. हे म्हणजे मधुकरराव. तरुणपणी कबड्डीत नाव काढलेला माणूस. नंदनवनच्या मैदानावर ह्यांची चढाई बघायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, सदरहून लोक यायचे म्हणे. सांगणारे अर्थात हेच.

दिवाळीनंतर हा गडी जिना चढताना धापा टाकायला लागला. छाती कमजोर झाली की पाया सूप द्यायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. ताराचंद खाटकाकडून बकऱ्याचे पाय आणायचे, पहाटे उठून मंद आचेवर ठेवायचे, वरून मिरे-लसूण. आठवड्यातून तीनदा, तीन महिने मी हे केलं. धाप तर कमी झाली नाहीच, उलट हे पाय ओढत चालायला लागले. थंडी म्हणून घरातही मोजे घालून असायचे. विचारलं की म्हणायचे, खेळातला जुना मार आहे.

शेवटी ओढूनच धरमपेठेत डॉक्टर भैरवीकडे नेलं. तिनं आधी रक्त तपासून घेतलं, ईसीजी काढला आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. रिपोर्ट बघून म्हणाली, "ईसीजी ठीक आहे. पण काका, युरिक ॲसिड नऊच्या घरात गेलंय. मोजे काढा बरं." अंगठा लालबुंद सुजलेला. "खाण्यात काय असतं?"

"पाया सूप," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "छातीसाठी."

तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, पायानं युरिक ॲसिड वाढतं. त्यानं सांधे सुजतात. आणि ज्यांचं युरिक ॲसिड जास्त, त्यांच्या फुप्फुसांची ताकद जरा कमी असते, असंही काही अभ्यासांत दिसलंय. पण एकामुळे दुसरं होतं का, ते अजून पक्कं नाही."

पक्कं नाही, हे मी ऐकलंच नाही. मीच ह्यांची छाती बिघडवली, तीही पहाटे उठून, एवढंच डोक्यात बसलं.

मग फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी. डॉक्टर म्हणाली, "छातीभर श्वास घ्या आणि जोरात सोडा!" ह्यांनी श्वास घेतला आणि सोडला कसा, तर थेंब थेंब. चेहरा लाल, डोळे बाहेर, पण संपू देईनात. तीनदा तेच. नळी काढून वर विचारतात, "किती वेळ टिकलो?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "काका, आकडे फारच कमी आहेत."

मला रडू फुटणार तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. "थांब पोरी," मी म्हटलं. "हे दम वाचवून राहिले! कबड्डीवाले आहेत. श्वास पुरवून पुरवून वापराची सवय आहे ह्यायले."

"मग? दम काय उधळाचा असते काय?" हे म्हणाले.

"पण मला वेळ नकोय, काका. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, ते बघायचंय."

मी खुर्चीतून उठून ह्यांच्यासमोर उभी राहिले. "आयका. गडी मारून तुम्ही परत आले. रेघ ओलांडली. आता सोडा!"

ह्यांनी असा काही श्वास सोडला की दारात नंबर लावणारी बाई दचकून आत डोकावली. डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडे बघून हसायला लागली. अजून दोनदा फुंकायला लावलं, दोन्ही वेळा तसंच. वयाच्या मानानं फुप्फुसांची ताकद थोडीशीच कमी निघाली. धाप वाढलेल्या वजनामुळे असेल, ते उतरवा, पाणी भरपूर प्या, गोळ्या चुकवू नका, महिन्याभरानं पुन्हा या, आणि पाया बंद.

"मग माह्या सुपानं ह्यायची छाती नाही बिघडली?" मी विचारलंच.

"अंगठा सुजायला त्याचा हातभार आहे, काकू. छातीचं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ह्यांची छाती चांगली आहे."

मी हरखले. जिना उतरताना आता दुधी करायचा की दोडका, हा विचारही सुरू झाला. तर हे औषधाच्या दुकानासमोर थांबले.

"मले माहीत होतं," म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"मैदानावरच्या रामाजीचा अंगठा असाच सुजला होता. पाया खाऊनच. त्यानं मले संक्रांतीलेच सांगतलं होतं."

"मग काहून पेत राहिले तुम्ही?"

"एवढ्या थंडीत तू पहाटे उठून करून राहिली होती. तुले नाही कसं म्हणू वं?"

भर रस्त्यात मी ह्यांना काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. अक्कल गहाण टाकली काय, इथून सुरुवात होती. बोलता बोलता एकदम आठवलं. तो लालबुंद अंगठा टेकवत हा माणूस दर वेळी स्वयंपाकघरापर्यंत चालत यायचा आणि म्हणायचा, मस्त झालं, अजून एक वाटी दे.