सत्तेचाळीस नंबरची हजेरी

मला राग लवकर येतो हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षा विभागाच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला राग येणार नाही तर काय गुदगुल्या होणार? अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पोरं साडेपाचला उगवतात, फोटो विसरतात, आईचं नाव चुकवतात आणि वर ‘काका, प्लीज’ म्हणतात. कॉलेज सरकारी आहे, विट्याच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी शोभा झालीच आहे, कॉलेजची कशाला?

त्या दिवशी सकाळी मी अपात्र विद्यार्थ्यांची यादी फलकावर लावायला निघालो होतो. आमच्याकडे प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. एका विषयात जरी कमी भरली तरी परीक्षेला बसता येत नाही, सत्र वाया जातं. यादीत बारा नावं होती. टाचण्या ओठांत धरल्या होत्या, कागद भिंतीला टेकवला होता, इतक्यात ग्रंथपाल विजयमालाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

विजयमालाबाई मूळच्या वाईच्या. आवाज कधी चढवत नाहीत, पण हलतही नाहीत. दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांना अभ्यासिकेत बसवून त्या कॉलेजचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवतात. हजेरीचे नियम, आजारपणाचे नियम, पुस्तक पेढीतून वर्षभरासाठी पुस्तकं कशी न्यायची, वसतिगृहात जागा कुणाला मिळते, सगळं. एरवी ते माहितीपत्रक कुणी वाचत नाही. आमच्या फाटकाशी एक भडंगवाला असतो, तो त्याची पानं फाडून पुड्या बांधतो. मी स्वतः नियम दोन आणि नियम तीनमध्ये बांधलेलं भडंग खाल्लेलं आहे.

“नानासो, यादी लावू नका,” बाई म्हणाल्या.

मी टाचण्या हातात घेतल्या. “का? शुद्धलेखन चुकलंय का कुठं?”

“माया होवाळचं नाव आहे यात?”

“हाय की. बी.ए. पहिलं वर्ष. इंग्रजीत बेचाळीसपैकी नऊ तास. बाकीच्या विषयांत बरी हाय, पण इंग्रजी बुडवायची पोरांना खोडच असते.”

“ती पोरगी रोज साडेदहाला अभ्यासिकेत येते. इंग्रजीच्या तासाची घंटा झाली की पुस्तक उपडं ठेवून जाते. तास संपला की येऊन तेच पान उघडते. जाण्या-येण्याची वेळ माझ्या नोंदवहीत आहे, तिच्या सहीनं. मग ती जाते कुठं?”

“कँटीनला जात असंल.”

“तेहतीस दिवस वडा खायला?”

मी आवाज चढवला. ते मला चांगलं जमतं. म्हटलं, बाई, तुमची नोंदवही पुस्तकांची, माझी हजेरीची. प्राध्यापकांनी जे लिहून दिलं ते मी बेरीज करून लावतो. मी काय घरचं लिहितो का?

बाईंनी काखेतलं माहितीपत्रक काढलं. पान चौदा, नियम सत्तावीस. “यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित विद्यार्थ्यास बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेण्यात यावे.” एवढंच वाचून माझ्याकडे बघत राहिल्या.

तो नियम मला माहीत नव्हता असं नाही. दरवर्षी माहितीपत्रक टाइप करायला माझ्याच टेबलावर येतं. एकोणीस वेळा मी ती ओळ टाइप केली आहे, एकदाही तिचा अर्थ लावला नव्हता. यादी टेबलात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी अकराची वेळ उपप्राचार्यांकडून घेतली. मनातून चरफडत होतो, हे कबूल करतो.

माया आली. काळीसावळी, किडकिडीत पोर. वडील नागसेन होवाळ जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवतात. ती इथं सरकारी वसतिगृहात राहते. सत्र वाया गेलं तर वसतिगृहातली जागा जाणार, आणि जतहून रोज ये-जा करणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे नाव यादीत गेलं की पोरगी घरी, शिक्षण बंद. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती दाराशी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

“बस,” उपप्राचार्य म्हणाले. “इंग्रजीचे तास का बुडवलेस?”

“म्या एक बी तास चुकवला न्हाई, सर.”

शेजारी इंग्रजीचे राजवर्धन सर हजेरीपट घेऊन बसले होते, पलीकडे मी आणि विजयमालाबाई. वय तिशीच्या आत, पहिलीच नोकरी. गाव त्यांचं सातारा जिल्ह्यातलंच, पण वडील फौजेत सुभेदार, त्यामुळे लहानपण पठाणकोट, जबलपूर, झाशी असं छावण्यांत गेलेलं. मराठी चांगली, पण घरात आईशी बोलण्यापुरती. शिकवण्यात जीव ओतणारा माणूस, खोटं न बोलणारा. ते लगेच म्हणाले, “ती वर्गात असते. ते मी नाकारत नाही.”

उपप्राचार्यांनी चष्मा काढला. “मग गैरहजर कशी?”

“मी वर्गात बजावलं होतं. हजेरीच्या वेळी जो थट्टा करेल त्याची गैरहजेरी लागेल. पहिले नऊ दिवस मी सोडून दिलं. मग तिला उभं करून सांगितलं, नीट बोल. तर ती अजून मोठ्यानं बोलली. सगळा वर्ग हसला.”

“काय थट्टा केली तिनं?”

सरांचे कान लाल झाले. “सांगायला बरं वाटत नाही.”

माया खाली बघत होती. तिला काय चाललंय हे खरंच कळत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा तिची कीव आली. त्याआधी ती माझ्यासाठी बेचाळीसपैकी नऊ एवढीच होती.

विजयमालाबाई म्हणाल्या, “सर, हजेरी घ्या. इथंच. वर्गात घेता तशी.”

“इथं?”

“हो. हिच्या नंबराची.”

राजवर्धन सरांनी नाइलाजानं हजेरीपट उघडला, पेन काढलं आणि वर न बघता म्हणाले, “रोल नंबर फॉर्टी सेव्हन.”

माया ताडकन उभी राहिली. “हाय, सर!”

“बघा!” सर जवळजवळ ओरडले. “रोज! रोज हेच! मी काय हिचा मित्र आहे का?”

उपप्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी बाईंकडे. धोंडिराम शिपाई चहाचे कप घेऊन नुकताच आत आला होता. त्याला काही बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता, पण त्याला राहवलं नाही.

“आवं सर,” तो म्हणाला, “हाय म्हंजी हाय! हजर हाय म्हनत्या पोरगी. इंग्रजीतलं न्हवं, आपलं हाय!”

राजवर्धन सरांनी धोंडिरामकडे बघितलं, मग मायाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“आमच्या साळंत गुरुजी म्हनायचे,” माया हळूच म्हणाली, “हाईस न्हवं समोर? मग हाय म्हन. म्हनून म्या… तुमी म्हनला नीट बोल, मला वाटलं ऐकू येत न्हाई. म्हनून मोठ्यानं म्हनलं. पोरं हसली ती माझ्या बोलन्याला हसली आसं वाटलं मला. जतची बोली हाय ना सर, हसत्यात.”

हसावं की रडावं कळेना. गेले चार महिने ती पोरगी रोज उभी राहून सांगत होती की मी इथं आहे, आणि रोज तिच्या नावापुढं ती नाही असं लिहिलं जात होतं. आणि मी, ज्याच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत ‘चहा हाय का’ नि ‘पानी हाय का’ चालतं, तो मी नुसत्या बेरजा करत होतो.

विजयमालाबाईंनी पान उलटलं. त्या राजवर्धन सरांना शांतपणे म्हणाल्या, “आणि सर, तिनं खरंच थट्टा केली असती ना, तरी गैरहजेरी ही शिक्षा होऊ शकत नाही. बेशिस्तीसाठी नियम एकतीस वेगळा आहे. वर्गात असलेल्याला हजरच लिहायचं.”

वेगळा माणूस असता तर त्यानं इथं बाजू सावरली असती. प्राध्यापकांना सावरता येतं, मी कमी बघितलेत का? राजवर्धन सर उठले, मायासमोर गेले आणि म्हणाले, “माया, माझं चुकलं. मी एकदा तुला विचारायला हवं होतं.”

“आसूं द्या सर. मला बी कळाय पायजे हुतं.”

“नाही,” ते म्हणाले. “तुला नाही. मला.”

मग ते माझ्या खोलीत येऊन बसले. हजेरीपटातली नोंद बदलायची तर एक रेघ मारून वर बरोबर नोंद करायची, शेजारी सही आणि तारीख. तेहतीस दिवसांच्या तेहतीस नोंदी. मी म्हटलं, सर, शेवटी एकच सही करून खाली शेरा लिहा, चालतं आमच्यात. त्यांनी ऐकलं नाही. तेहतीसच्या तेहतीस सह्या केल्या. माझ्या खिडकीशी रांग लागली होती, तरी मी त्यांना उठवलं नाही. त्या माणसाबद्दल त्या दिवसापासून मला मनापासून आदर आहे. आता ऐकतो की त्यांनी वहीत आपल्याकडच्या शब्दांची यादी चालू केली आहे आणि ‘लय’ हा शब्द गरज नसताना वापरतात.

मला वाटलं, झालं, सुटलो. उरलेली अकरा नावं लावायला उठलो, तर बाई परत दारात.

“आणि हे अकरा?”

“बाई, ह्यातली पोरं खरीच उनाड हायत. मी वळखतो.”

“मायालाही ओळखत होता.”

अकरा पत्रं काढली, अकरा जणांना बोलावलं. दोन दिवस गेले, डोकं फिरायची वेळ आली. सात जण खरंच उनाड निघाले, त्यांना मी समाधानानं यादीत ठेवलं. एक पोरगा भरतीसाठी पहाटे पळायला जायचा आणि पहिल्या तासाला झोपून राहायचा, तोही राहिला. पण तिघांची नावं निघाली. एकीची दुसऱ्या तुकडीत नोंद झाली होती. एकाला टायफॉइड झाला होता आणि दाखला द्यायचा असतो हे त्याला माहीतच नव्हतं. एक कॉलेजकडूनच कबड्डी खेळायला गेला होता! बाई प्रत्येकाच्या वेळी शेजारी बसल्या होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. पोरांना नियम सांगताना मात्र त्या असं सांगायच्या की नियम त्या पोराच्याच मालकीचा आहे. मी आयुष्यभर नियम भिंतीसारखा वापरला. त्यांच्या हातात तोच नियम दार व्हायचा. हे मला त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगतो.

पुढच्या आठवड्यात माया प्रवेशपत्र न्यायला खिडकीशी आली. सही केली, कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. जाईना.

“आता काय?” मी सवयीनं खेकसलो.

“काका, एक इचारू? माज्या खोलीत माज्या आदी संयोगिता ताई ऱ्हायची. माण तालुक्यातली. तिचं नाव गेल्या वर्सी यादीत लागलं, ती गावी गेली. तिची आय आजारी हुती, ती दवाखान्यात बसून हुती दोन म्हयने. कागद बी हुते तिच्याकडं, पोरी सांगत्यात.” ती थांबली. “तिला बोलावलं हुतं का हो, तुमी?”

रागवायला काही मिळेना. यादी मीच लावली होती. ती पोरगी फलकासमोर किती वेळ उभी होती तेही आठवलं, कारण मी तिला बाजूला हो म्हणालो होतो.

“न्हाई,” मी म्हटलं. “बोलावलं न्हवतं.”

मायानं मान हलवली आणि गेली.

त्या दुपारी मी पत्र लिहायला घेतलं. विषय, संदर्भ, महोदया. तीनदा लिहून फाडलं. शेवटी ग्रंथालयात गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला ओरडावं असं फार वाटत होतं. त्यांनी माहितीपत्रक उघडलं, पान सोळा, खंड पडलेल्या विद्यार्थ्याचा फेरप्रवेश, नियम चौतीस. कोरा अर्ज माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “टपालानं पाठवू नका.”

शनिवारी अर्ज पिशवीत घालून मी म्हसवडची एसटी धरली. अलीकडच्या फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चाललो. घर विचारत गेलो. संयोगिता अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघितल्यावर तिनं ओळखलं, सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली. खिडकीच्या आत बघितलेला माणूस दारात उभा म्हटल्यावर ती घाबरलीच.

“काय झालं, काका?”

“काय न्हाई,” मी म्हटलं. “तुझं म्हननं ऐकायचं ऱ्हायलंय. त्यासाठी आलोय.”

“आता? वर्सानं?”

“व्हय. वर्सानं.”

ती आत गेली, चटई आणून अंथरली आणि समोर बसली. आईच्या आजाराचं सांगायला तिनं सुरुवात केली, अगदी पहिल्या दिवसापासून. मी घड्याळ बघितलं नाही, मध्ये बोललो नाही. तिचं सांगून होईपर्यंत ऐकत बसलो.