साडेतीनची बैठक

अवंतीनं पायाच्या अंगठ्यात घोडियुंची दोरी अडकवली आणि मांडीवरच्या, प्रबंधाच्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य खोडलं. पाळणा हलला. नीरानं झोपेतच ओठ चोखले आणि ती गप्प झाली.

प्रकरण सुहासिनीबाईंच्या कामावर होतं. शहरातल्या पाणीगेट भागात एका नळाशी बायका हंडे रांगेत ठेवून घरी जात. हंडा जागा धरून असे, त्याला कुणी हात लावत नसे. त्या हंड्यांवरून बाईंनी अर्थशास्त्रात एक गोष्ट मांडली होती : बाजार आणि सरकार यांच्यामध्ये माणसांनी आपसांत घातलेले नियम असतात, आणि कागदावर नसूनही ते टिकतात. का टिकतात? 'मोडले तर तोटा होतो म्हणून,' असं अवंतीनं लिहिलं होतं. बाईंनी शेजारी नुसतं 'आणि?' लिहून पानं परत दिली होती.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातली गुरुवारची साडेतीनची बैठकही बाईंनीच सुरू केलेली. निवृत्त झाल्यावरही त्या येत. सासूबाई शाळेतून दोनला परतल्या की अवंती अकोट्याच्या घरून फतेगंजला विभागात जायला निघे. नीरा झाल्यापासून तिचं संशोधन त्या एका वेळेवर तगून होतं.

नवे विभागप्रमुख गुणवंतभाई यांनी मात्र नोटीस लावली होती : बैठक यापुढे सकाळी अकराला. देश धावायला लागलाय आणि आपण दुपारी पेंगतोय, असं त्यांचं म्हणणं.

आज गुरुवार. अकरा केव्हाच वाजून गेले होते.

"बाईंची पुस्तकं विभागात ठेवून येते, आई," सासूबाई आल्यावर ती म्हणाली. "आता काही माझं बैठकीला जाणं व्हायचं नाही."

"मग नीट तोंड धुऊन तरी जा. आणि ती दोरी दे इकडे. घोडियुं हलवतेस की छकडा हाकतेस?"

साडेतीनच्या सुमाराला ती विभागात पोचली तेव्हा नोटीस दारावर तशीच होती. आतून चहाचा वास येत होता. अवंतीनं दार ढकललं.

सगळे बसले होते. मागच्या बाकावर, हातात पेला घेऊन, गुणवंतभाईसुद्धा.

"अकराला मी एकटाच आलो, बेन," ते म्हणाले. "अर्धा कलाक घड्याळ बघत पंख्याशी चर्चा केली."

बाईंनी चष्मा पुसला. "झोपली का नीरा?"

"झोपली."

"मग बैस. सुरू करू."

दाराजवळच्या तिच्या खुर्चीवर कुणीतरी रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती.  अवंतीनं तो उचलला, हळूच घडी घातली, पुस्तकांतली प्रकरणाची पानं मांडीवर घेतली आणि खोडलेल्या वाक्यापाशी पेनाचं टोपण काढलं.