प्रवचनातला खोकला

पोथन मास्तरांना बीपी निघालं, तेव्हा उनाड पोराची तक्रार ऐकावी तसं त्यांनी ते ऐकून घेतलं आणि गोळी सुरू केली. महिन्याभरात त्यांना खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. घशात कोणी कोंबडीचं पीस फिरवावं तशी खवखव आणि मग ठसक्यावर ठसका. मास्तरांनी आधी शेजारच्या रबराच्या धुरीघराला दोष दिला, मग पंख्याला, मग बायकोच्या हातच्या मिरीला. शोशाम्मानं सुंठीची कॉफी पाजली, तुळशीचा रस दिला, छातीला तेल चोळलं. खोकला जागचा हलला नाही.

"जन्मभर पोरांना गप्प बसवलंत इच्चाया, आता स्वतःचा घसा ऐकत नाही," ती म्हणाली. नवऱ्याला ती इच्चाया म्हणूनच हाक मारायची.

गोळीवर संशय कोणालाच आला नाही. गोळी बीपीची, खोकला घशाचा. मास्तरांच्या लेखी ही दोन वेगळी खाती होती.

घरात हे खपून गेलं असतं, पण रविवारी चर्चमध्ये मास्तरांची जागा पुढून दुसऱ्या बाकावर. आणि तिथले पाद्री, कुरियाकोस अच्चन, शाळेत मास्तरांच्याच हाताखाली मल्याळम शिकलेले. आता अच्चन पन्नाशी ओलांडून गेले होते, पण मास्तर समोर दिसले की त्यांच्या मनात अजूनही व्याकरणाचा तास भरायचा. वर्षभरापासून त्यांची प्रवचनं फार लांबायला लागली होती.

त्या रविवारी अच्चन क्षमेवर बोलता बोलता रंगात आले आणि मास्तरांना ठसका लागला. अच्चन अडखळले. आपलं काही चुकलं असं वाटून त्यांनी तेच वाक्य फिरवून म्हटलं. मास्तर पुन्हा खोकले. अच्चननी तो मुद्दाच सोडून दिला. आणखी दोन-तीन ठसके झाले आणि प्रवचन संपलं. लोक घरी पोचले तेव्हा अप्पमबरोबरचा रस्सा चुलीवर अजून शिजतच होता.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मास्तरांकडे न मागता एक फणस आला. कोणी घरच्या तळ्यातले करिमीन मासे धाडले. आजाऱ्याची विचारपूस करताहेत बिचारे, असं मास्तरांना वाटलं. शोशाम्माला मात्र सगळं उमगलं होतं. बायकांच्या बाकांवरून चर्चमधलं सगळं नीट दिसतं. ती मुकाट्यानं मासे साफ करत राहिली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर बीनांसमोर मास्तर इतके खोकले, की दंडाचा पट्टा निसटला. डॉक्टरांनी खोकला कधीपासून ते विचारलं आणि म्हणाल्या, काही जणांना या गोळीनं असा कोरडा खोकला लागतो. गोळी बदलून देते, काही आठवड्यांत थांबेल. आधी का नाही सांगितलंत, असंही विचारलं.

"तुम्ही बीपीच्या डॉक्टर," मास्तर म्हणाले. शोशाम्मानं छताकडे पाहिलं.

नवी गोळी लागू पडली. खोकला हळूहळू विरला. झटकन उठलं की जरा गरगरायचं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मास्तर पलंगाच्या काठावर क्षणभर बसून मग उठायला लागले.

"आता उठायलासुद्धा प्रस्तावना लागते," शोशाम्मा म्हणायची.

इकडे चर्चमध्ये शांतता पसरली आणि अच्चनना वाटलं, आपली भाषा अखेर निर्दोष झाली. त्यांना असा काही उत्साह चढला, की लहान मुलं बाकांवर आडवी झाली आणि मोठी माणसं आशेनं मास्तरांच्या पाठीकडे बघू लागली. शेवटी मागच्या बाकावरचा रबराचा व्यापारी चाक्कोच्चन पुढे वाकला.

"मास्तर, घसा कसा आहे?"

"अगदी बरा आहे."

"मग जरा बिघडवा की."

फणस आणि मासे कशासाठी आले होते, ते मास्तरांना त्या क्षणी कळलं. लाज वाटली, पण मासे तर पोटात गेले होते. खाल्ल्या माशाला जागावं म्हणून ते एकदा खोकले. जन्मात कधी ढोंग केलेलं नाही, त्यामुळे तो खोकला बकरीच्या ओरडण्यासारखा निघाला. अच्चनचा चेहरा पडला. प्रवचन तिथंच थांबलं.

दुपारी अच्चन घरी आले. शोशाम्मानं उकडलेले कप्प्याचे कंद आणि माशाचं कालवण पुढे ठेवलं. त्यांनी हातही लावला नाही.

"मास्तर, माझं काय चुकतं ते एकदाचं सांगा," ते म्हणाले. "शनिवारभर शब्दकोश घेऊन बसतो मी. तरी तुम्ही खोकताच."

मास्तर कालवणाची वाटी त्यांच्याकडे सरकवत राहिले. शेवटी शोशाम्माच म्हणाली, "अच्चन, आधीचे सगळे खोकले गोळीचे होते. आजचा तेवढा चाक्कोच्चनचा."

सगळी हकीकत ऐकून अच्चन पोट धरून हसले. मग अचानक ओशाळून म्हणाले, की बीपीची एक वेगळी गोळी त्यांनाही दिली होती. पण तिनं सारखं लघवीला जावं लागायचं. मिस्सा चालू असताना वेदीवरून जायचं कुठे? म्हणून प्रवचन घाईनं उरकायचे. शेवटी वैतागून गोळीच सोडली, त्याला वर्ष झालं.

"म्हणजे ती छोटी, गोड प्रवचनं देवाची नव्हती, गोळीची होती," शोशाम्मा म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "डोकं दुखतं का?"

"पहाटे दुखतं," अच्चन हळूच म्हणाले.

"कुरियाकोस," मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं."

"हो सर," अच्चन म्हणाले.

अच्चनचं बीपी चांगलंच चढलेलं निघालं. डॉक्टर बीनांनी त्यांना यथेच्छ झापलं. गोळीनं त्रास होतो तर येऊन सांगायचं, मनानं बंद करायची नाही. मग त्यांनी गोळीची मात्रा बदलून दिली आणि रविवारी ती मिस्सा आटोपल्यावर घ्यायला सांगितलं. इतकी साधी सोय होऊ शकते, हे अच्चनच्या ध्यानीमनीही नव्हतं. थोड्याच दिवसांत पहाटेची डोकेदुखी गेली.

पण लघवीची घाई नाही म्हटल्यावर प्रवचनाला आवर कोण घालणार? ते काम शोशाम्मानं अंगावर घेतलं. डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी अच्चन मास्तरांबरोबर नदीवरच्या पुलापर्यंत चालत जातात आणि वाटेत उद्याचं प्रवचन म्हणून दाखवतात. मास्तर शब्द सुधारतात. शोशाम्मा मागून येते. पुलापर्यंत जे संपत नाही ते गाळायचं, असं तिनं ठरवून दिलं आहे.

पूल जरा लांब आहे, अशी चाक्कोच्चनची तक्रार आहे.