जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर

हत्यारांची पेटी देऊन टाकायचं बाबांनी स्वतःच ठरवलं. कोणी सुचवलं नव्हतं की विषयही काढला नव्हता. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी आईला फोन लावायला सांगितला आणि भागीदारकाकांना म्हणाले, रविवारी ये आणि पेटी घेऊन जा, पडून गंजण्यापेक्षा तुझ्या हाताशी राहील.

भागीदारकाका म्हणजे बाबांचे दुकानातले जोडीदार. दोघांनी उभं आयुष्य एका बाकावर बसून शिलाई मशीनं दुरुस्त केली. अर्धांगाच्या आजारपणानंतर बाबा चालायला लागले, बोलायला लागले, जेवायला लागले. उजवा हात मात्र परत आला नाही. म्हणजे आला, पण पाहुण्यासारखा. जागेवर असतो, सांगितलं तर उचलतो, पण बोटांना पकड नाही. पेला धरायचा तर दुसरा हात खाली लागतो.

फोन ठेवल्यावर आई नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. मी माझ्या लेकीला, चिमीला, मांडीवर थोपटत होते. मला बाबांना सांगायचं होतं की ही पेटी गेली तर तुम्ही दिवसभर खिडकीपाशी बसाल, आणि त्या बसण्याची आम्हाला भीती वाटते. ते मला म्हणता आलं नाही. एवढंच म्हटलं, की एकदा प्रयत्न तरी करून बघा.

बाबांची नजर कोपऱ्याकडे गेली. मग त्यांनी अट घातली. कोपऱ्यातल्या आईच्या मशीनवर, सुईखाली जी चपटी पट्टी असते, तिला दोन स्क्रू असतात. आत साठलेला धागा काढायचा तर आधी तेच उघडायला लागतात. त्यातला एक जरी बाबांनी आपल्या हाताने उघडला, तर पेटी राहील. नाही उघडला, तर काका नेतील आणि घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आई आतूनच म्हणाली. बाबांना ते ऐकू गेलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

पेटीत स्क्रूड्रायव्हर पुष्कळ होते, पण बाबांचा एकच. बारीक लाकडी मुठीचा, घामाने काळा पडलेला, टोक त्यांनी स्वतः घासून नीट केलेलं. दुकानात कुणी तो उचलला तर काका ओरडायचे, अरे ठेव, ती त्याची बायको आहे. मी लहानपणी विचारलं होतं, हाच का? बाबा म्हणाले होते, सगळे धरून पाहिले, हा हातात घेतला आणि हातात काही आहे हेच विसरलो. आवडता स्क्रूड्रायव्हर कसा निवडावा यावर त्यांनी मला सांगितलेलं एवढंच. पण आता त्या हाताला कशाचाच विसर पडत नव्हता. साधा चमचा धरला तरी तो आपण धरलाय याची त्यांना आठवण ठेवायला लागायची.

माझ्याकडेही एक होता. दुरुस्तीचं वेड मला बाबांकडूनच आलंय. खेळणी, बॅटरी, मिक्सर, जे बंद पडेल ते मी उघडून बसते. चिमी झाल्यावर माझं मनगट अंगठ्याच्या बाजूने इतकं दुखायला लागलं की बारीक मूठ पिळवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला उचलून उचलून होतं, पुष्कळ आयांना होतं, होईल बरं. मग मी एक जाड मुठीचा आणला. नारिंगी, रबराचा, मूठभर. माहेरी आल्यावर बाबांनी तो पाहिला आणि विचारलं, "हा स्क्रूड्रायव्हर आहे की गाजर?" तेव्हा त्यांचा हात चांगला होता. असल्या मुठीने बोटांना स्क्रू कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात त्याचं नाव गाजरच पडलं.

शनिवारभर बाबा हातात रबरी चेंडू दाबत बसले. रविवारी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते मशीनपुढे बसले, जणू दुकानातच निघालेत. आईने दिवा जवळ ओढून दिला. बाबांनी लाकडी स्क्रूड्रायव्हर डाव्या हाताने उजव्या मुठीत बसवला, बोटं एकेक करून मिटवली आणि टोक खाचेत टेकवलं.

स्क्रू फिरला.

पहिल्याच झटक्याला, अगदी अलगद. मी चिमीला घेऊन उभीच राहिले. आई दारात होती, तिने पदर तोंडाशी धरला. आणि बाबा थांबले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चष्मा वर करून, वाकून, खाचेकडे अगदी जवळून पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी न विचारता पेटी उघडली होती, तेव्हाही ते माझ्याकडे असंच बघत राहिले होते.

"हा आधीच ढिला केलाय कोणीतरी."

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. बसलेला स्क्रू आधी अडतो, ते सावकाश सांगत होते, मग कट् करून सुटतो, त्यानंतर फिरतो. हा अडलाच नाही. आणि खाचेची कड चेपली आहे. कोणीतरी भलतंच काहीतरी घालून फिरवलंय.

"मी केला," आई दारातून म्हणाली.

बाबा तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत ती मशीन चालवायची, पण दुरुस्तीला तिने कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कशाने. सुरीच्या टोकाने, ती म्हणाली, पहाटे, तुम्ही उठायच्या आत.

"सुरीने," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्या एका शब्दात त्यांचं सगळं दुकान दुखावलं होतं.

"मग काय करू?" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमचा धंदा मला कळत नाही. तुम्ही कळता. हरलात तर पुन्हा कशालाच हात लावणार नाही तुम्ही. जित्याची खोड..."

म्हणीतला पुढचा शब्द तिच्या तोंडाशी आला आणि ती गप्प झाली. कोणीच ती म्हण पुरी केली नाही. चिमीने माझ्या गळ्यातली साखळी ओढली.

बाबांनी मला सांगितलं, घट्ट कर. गिऱ्हाईकाच्या मशीनचा करतात तसा. मी चिमीला आईकडे दिलं आणि गाजर घेतलं, कारण लाकडीने मला जमलंच नसतं. शेवटचा पीळ देताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी पाहिलं.

"कधीपासून दुखतंय?"

चिमी झाल्यापासून, मी म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि दुखरी जागा अंगठ्याने अचूक शोधली. मशीन तपासताना ते असंच करायचे, कान लावून, बोट फिरवत. म्हणून हे आणलंस होय, ते गाजराकडे बघत म्हणाले. मी हो म्हटलं. बाबांनी त्यावर काही विनोद केला नाही.

मग ते पुन्हा बसले. आधी लाकडी. टोक खाचेत बसलं, हात वळला, बोटं सुटली, आणि टोक घसरून पट्टीवर एक लांब, पांढरा ओरखडा उठला. बाबांच्या हातून मशीनवर ओरखडा उमटलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनीही नसावा. ते त्यावरून बोट फिरवत राहिले. आईने चिमीचं डोकं खांद्याशी घट्ट दाबलं.

मला वाटलं, ते उठतील. त्यांनी लाकडी स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला, पेटीत त्याच्या जागी ठेवला आणि गाजर उचललं. उजव्या मुठीत ते मावलं. बोटं पुरती मिटायची गरजच नव्हती. वरून त्यांनी डावा हात दाबला. दोन्ही खांदे लावून पिळलं. टोक घसरलं नाही. स्क्रूही हलला नाही. पुन्हा. पुन्हा. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. शेवटी ते खुर्चीला टेकले आणि म्हणाले, नाही उघडला.

काका संध्याकाळी आले. चहा झाला, नातीचं कौतुक झालं, ती आजोबांवर गेलीये की नाही यावर दोघांचं थोडं भांडण झालं. मग बाबांनी पेटी पुढे सरकवली. काका हात लावेनात. म्हणाले, अरे, राहू दे की, मला कुठे नड आहे. आईने तेवढ्या आशेने बाबांकडे पाहिलं. अट मी घातली होती, बाबा म्हणाले, मीच मोडू?

काकांनी झाकण उघडून पाहिलं. लाकडी स्क्रूड्रायव्हर बाजूला काढून त्यांनी बाबांपुढे धरला. "हिला तरी ठेव."

"चालणाऱ्या हातात राहू दे ती. नुसती भिंतीवर टांगायला नकोय." बाबांनी तो स्वतः परत पेटीत ठेवला. काकांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते उगाच मशीनवर पडलेलं सामान गोळा करायला लागले. तेलाची बाटली, ब्रश, फडकं. त्यांचा हात नारिंगी मुठीपर्यंत गेला, तेव्हा बाबांनी आपला उजवा हात उचलून त्यावर ठेवला. सावकाश, पण डाव्याची मदत न घेता.

"हा नाही. हा माझा आहे."

आई माझ्याकडे बघायला लागली. तो माझा होता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी चिमीचं नाक पुसलं.

पेटी गेली. मी माझ्यासाठी दुसरा स्क्रूड्रायव्हर आणला, तसाच. हे लिहितेय तेव्हा चिमी माझ्याशेजारी झोपली आहे आणि बाहेरच्या खोलीत बाबा मशीनपुढे बसलेत. तो स्क्रू अजून उघडलेला नाही. आईने मशीनवर कपडा टाकायचं सोडून दिलंय, आणि सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्यात. मधूनच टोक खाचेत बसल्याचा बारीक आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग बाबांचा श्वास. मग पुन्हा टोक खाचेत बसतं.